ओपन-क्लोजचा घोळ: व्हॉल्व्हचा अर्थ एक, स्विचचा उलटा. मराठी पाटीवर काय लिहावं?

पाटीवाला_हिंगणा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपसाठी मराठी सूचना-पाट्या आणि नवीन हेल्परांना द्यायचे दोन-तीन कागद तयार करतो आहे. वाचणारे आयटीआयच्या पहिल्या वर्षाचे, काही तर तेवढंही न शिकलेले. बाकी सगळं जमलं, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ या दोन शब्दांवर गाडी अडली.

पाइपलाइनवर ‘व्हॉल्व्ह ओपन’ म्हणजे पाणी सुरू. पॅनेलवर ‘ब्रेकर ओपन’ म्हणजे लाईन बंद (ब्रेकर म्हणजे लाईन तोडणारा मोठा स्विच). दोन्ही पाट्या एकाच भिंतीवर लागणार, कारण पंपहाउसमध्ये पंप, पॅनेल आणि व्हॉल्व्ह एकत्रच आहेत. सरळ भाषांतर केलं तर आणखी पंचाईत होते. ‘ब्रेकर बंद करा’ असं लिहिलं की एक जण क्लोज करेल, दुसरा ऑफ करेल, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर ठरतील!

त्यात भर म्हणजे एनओ (नॉर्मली ओपन) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड). त्याच पॅनेलमध्ये एनसी पुश बटण आहे आणि एनसी सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने चालणारा) व्हॉल्व्हही आहे. बटणाच्या एनसीतून करंट जातो, व्हॉल्व्हच्या एनसीतून पाणी जात नाही. हे मुलांना एका वाक्यात कसं सांगायचं? आणि पाटीवर कोणते शब्द टाकायचे? जाणकारांनी सांगावं.

पॅनेलवायरमन

भाऊ, आधी हे डोक्यात पक्कं करा की शब्द एकच असला तरी चित्रं दोन आहेत. व्हॉल्व्हमागे दाराचं चित्र आहे आणि स्विचमागे रिंगणाचं.

दार उघडलं की ये-जा सुरू, लावलं की बंद. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले म्हटलं की वैनगंगेकाठचं प्रत्येक गाव सावध होतं. तिथे उघडणं म्हणजे वाहणं, यात कोणाला शंका नसते. सर्किटचं तसं नाही. वीज एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला परत यायला हवी, म्हणजे वाट गोल हवी. रिंगणात सगळ्यांनी हात धरले की ते ‘क्लोज’ झालं. एकाने हात सोडला की ‘ओपन’. स्विच उघडतो तेव्हा दोन कॉन्टॅक्टच्या (आतल्या धातूच्या टोकांच्या) मधे हवा येते, आणि हवेतून करंट जात नाही. म्हणून ओपन म्हणजे ऑफ. मुलांना मी हीच दोन चित्रं फळ्यावर शेजारी-शेजारी काढून दाखवायला सांगेन, व्याख्या नंतर.

आता शब्द. कारागिराच्या तोंडी ते आधीपासून आहेत: कॉन्टॅक्ट ‘लागला’ आणि कॉन्टॅक्ट ‘सुटला’. कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) ‘उचलतो’ आणि ‘सोडतो’. पाटीवर तेच लिहा. विजेच्या वस्तूला ‘उघडा’ आणि ‘बंद’ हे शब्द लावूच नका.

आणखी एक गोष्ट कागदावर ठळक लिहा, कारण नवा पोरगा इथे हमखास फसतो. लाईन चालू असताना मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्विचच्या दोन टोकांवर लावला, तर सुटलेला स्विच २३० व्होल्ट दाखवतो आणि लागलेला स्विच शून्य दाखवतो. पोराला वाटतं २३० आले म्हणजे स्विच चालू, आणि शून्य आलं म्हणजे स्विच खराब. उलट आहे! सुटलेल्या कॉन्टॅक्टच्या एका बाजूला फेज असतो आणि दुसरी बाजू बल्बमधून न्यूट्रलला पोचलेली असते. दोन्हींतला पूर्ण फरक मीटर दाखवतो. कॉन्टॅक्ट लागला की दोन्ही बाजू एकच होतात, मग फरक कुठून येणार? लागलेल्या कॉन्टॅक्टवर दोन-तीन व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्ट जळालाय किंवा स्क्रू ढिला आहे आणि तिथे गरम होतंय, असं समजा.

ओहमवर मोजायचं तर आधी लाईन काढा. तिथे लागलेला कॉन्टॅक्ट शून्याजवळ दाखवतो आणि बझर वाजतो, सुटलेला ‘ओएल’ (म्हणजे वाट तुटलेली) दाखवतो.

स्टार्टर_दुरुस्ती_कळमेश्वर

वरच्या उत्तराला पूर्ण सहमती. एनओ-एनसीबद्दल मी लिहितो, कारण खरा घोळ ‘ओपन’मध्ये कमी आणि त्याच्या आधीच्या ‘नॉर्मली’मध्ये जास्त आहे.

‘नॉर्मली’चा अर्थ ‘सहसा’ असा नाही. वस्तू डब्यातून काढून टेबलावर ठेवली, हात लावला नाही, कॉइलला लाईन दिली नाही, प्रेशर नाही, तेव्हा जी स्थिती असते ती नॉर्मल. पंप दिवसाचे वीस तास चालत असेल तर कॉन्टॅक्टरचा एनओ कॉन्टॅक्ट वीस तास लागलेलाच असतो, तरी त्याचं नाव एनओच. मराठीत ‘मुळात सुटा’ आणि ‘मुळात लागलेला’ हे चालतील.

घरातलं उदाहरण फ्रिजच्या दाराचं. आतल्या दिव्याचा स्विच एनसी असतो. दार लावलं की दार त्याची दांडी आत दाबतं, कॉन्टॅक्ट सुटतो, दिवा विझतो. दार उघडलं की दांडी बाहेर येते, कॉन्टॅक्ट लागतो, दिवा लागतो. म्हणजे दार ओपन तेव्हा कॉन्टॅक्ट क्लोज. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी हाताला लागतात. बोटाने दांडी दाबून दाखवा, पोरं विसरत नाहीत.

टर्मिनलचे आकडेही शिकवा, मग भाषेवर अवलंबून राहावं लागत नाही. शेवटचे अंक १-२ असतील तर एनसी, ३-४ असतील तर एनओ. कॉन्टॅक्टरवर १३-१४ हा एनओ आणि २१-२२ हा एनसी. ओव्हरलोड रिलेवर (भार जास्त झाला की ट्रिप होऊन मोटर थांबवणारा) ९५-९६ एनसी, तो ट्रिपला सुटतो. ९७-९८ एनओ, तो ट्रिपला लागतो आणि दिवा किंवा भोंगा चालवतो. बटणांच्या मागचे ब्लॉक बहुतेक मेकमध्ये हिरवा म्हणजे एनओ आणि लाल म्हणजे एनसी असतात, पण रंगावर भरवसा ठेवण्यापेक्षा अंक वाचलेला बरा.

डीओएल स्टार्टरचं (मोटर थेट लाईनवर घेणाऱ्या स्टार्टरचं) कंट्रोल असं: फेजकडून ९५-९६, तिथून स्टॉप बटणाचा १-२, तिथून स्टार्ट बटणाचा ३-४, तिथून कॉइलचं ए१. ए२ न्यूट्रलला (कॉइल २३० व्होल्टची असेल तर). स्टार्टच्या ३-४ ला कॉन्टॅक्टरचा १३-१४ पॅरलल. स्टार्टवरून बोट काढलं तरी १३-१४ मधून कॉइलला लाईन मिळत राहते.

आता एनओ-एनसी अदलाबदल झाली तर काय होतं ते बघा. लक्षणावरून चूक ओळखता येते.

स्टॉपला चुकून एनओ ब्लॉक बसला तर नुसत्या स्टार्टने मोटर उचलतच नाही. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच उचलते आणि स्टॉप सोडला की पडते.

स्टार्टला एनसी ब्लॉक बसला तर लाईन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. स्टॉप दाबला की थांबते, बोट उचललं की पुन्हा सुरू. हा प्रकार जीवघेणा आहे. लाईन गेलेली असताना कोणी कपलिंगला हात घालून बसला असेल आणि लाईन आली, तर विचार करा.

१३-१४ च्या जागी २१-२२ जोडला तर लाईन देताच कॉन्टॅक्टर टकटकटक वाजायला लागतो. कॉइल उचलली की २१-२२ सुटतो, तो सुटला की कॉइल सोडते, सोडली की तो पुन्हा लागतो. जास्त वेळ तसंच ठेवलं तर कॉन्टॅक्ट जळतात.

आणि स्टॉप एनसीच का, हेही सांगा. स्टॉपची वायर उंदराने कुरतडली किंवा टर्मिनलमधून निसटली तर मोटर आपोआप थांबते. तिथे वेगळं सर्किट करून एनओ वापरला असता तर वायर तुटल्याचं कळलंच नसतं, आणि गरज पडली तेव्हा स्टॉप दाबूनही मोटर थांबली नसती. इमर्जन्सी स्टॉपलाही हेच कारण.

इन्स्ट्रुमेंट_बुटीबोरी

व्हॉल्व्हची बाजू मी सांगतो.

हाताच्या व्हॉल्व्हला अडचण नाही. बॉल व्हॉल्व्हची मूठ पाइपच्या रेषेत म्हणजे उघडा, पाइपला आडवी म्हणजे बंद. गेट व्हॉल्व्हचं चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की बंद होतं. पाटीवर ‘उघडा / बंद’ लिहिलं की काम झालं. मूठ कोणी काढून उलटी बसवली असेल तर मात्र मुठीवर जाऊ नका, स्पिंडलच्या डोक्यावरची खाच बघा. ती बॉलच्या भोकाची दिशा दाखवते.

सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये ‘नॉर्मली’चा अर्थ वर सांगितला तोच, कॉइलला लाईन नसतानाचा. एनसी व्हॉल्व्हला लाईन नसली की तो बंद, पाणी अडलं. एनओ व्हॉल्व्हला लाईन नसली की तो उघडा, पाणी वाहतं. म्हणजे काहीच केलं नसताना:

एनसी बटण – करंट जातो.
एनसी व्हॉल्व्ह – पाणी जात नाही.

हे दोन ओळींत असंच एकाखाली एक लिहून भिंतीवर लावा. तुमच्या ‘एका वाक्यात’चं उत्तर हेच.

घरच्या आरओमध्ये हे सगळं एका हाताएवढ्या जागेत बघायला मिळतं. आत पाणी सोडणारा सोलेनॉइड एनसी असतो, लाईन नसताना पाणी अडवतो. लो प्रेशर स्विच एनओ असतो. नळ आले, प्रेशर लागलं, तो लागतो आणि पंपाला परवानगी देतो. नळ गेले की सुटतो, पंप कोरडा चालत नाही. हाय प्रेशर स्विच एनसी असतो. टाकी भरली, प्रेशर चढलं की तो सुटतो आणि पंप थांबतो. लो प्रेशर आणि हाय प्रेशर स्विच दिसायला जवळजवळ सारखे असतात. दुरुस्तीत अदलाबदल झाली तर आरओ एक तर सुरूच होत नाही किंवा टाकी भरल्यावरही थांबत नाही. लावण्याआधी मीटरच्या बझरने तपासा: प्रेशर नसताना वाजला तर एनसी.

कंट्रोल व्हॉल्व्ह (हवेच्या दाबावर चालणारे) असतील तर आणखी दोन शब्द येतात, ‘एअर टू ओपन’ आणि ‘एअर टू क्लोज’. हवा गेली तर स्प्रिंग व्हॉल्व्हला कुठे ढकलते हे महत्त्वाचं. एअर टू ओपन असेल तर हवा गेल्यावर तो बंद होतो. हीटरला जाणाऱ्या वाफेवर हाच पाहिजे, म्हणजे हवा गेली तर वाफ थांबेल. थंड करणाऱ्या पाण्यावर बहुधा उलटा लागतो, हवा गेली तरी पाणी चालू राहिलं पाहिजे. पाटीवर त्या इंग्रजी नावाऐवजी ‘हवा गेल्यास बंद होतो’ किंवा ‘हवा गेल्यास उघडतो’ असं लिहा. रात्रपाळीच्या माणसाला तेवढंच लागतं.

तीन तोंडांचा व्हॉल्व्ह आणि रिलेचा ११-१२-१४ चेंजओव्हर (एकीकडून सुटून दुसरीकडे लागणारा) कॉन्टॅक्ट यांना नुसतं ओपन किंवा क्लोज म्हणण्यात अर्थच नसतो. रेल्वे फाटकासारखं आहे ते. फाटक बंद आहे ते रस्त्याला, गाडीची वाट तेव्हाच मोकळी असते. तिथे ‘अमुककडून तमुककडे’ असंच लिहायचं.

पाटीवाला_हिंगणा

सर्वांचे आभार, खूप मोकळं झालं. फ्रिजच्या स्विचचं तर प्रात्यक्षिकच ठेवतो.

आता मुख्य पाटी. पंपहाउसच्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) पॅनेलवर काम करण्याआधीची. आयसोलेटर म्हणजे लाईन डोळ्यांदेखत वेगळी करणारी पाती, अर्थ स्विच म्हणजे लाईन जमिनीला जोडणारा स्विच. माझा मसुदा असा आहे: ‘ब्रेकर, आयसोलेटर व अर्थ स्विच सर्व सुटलेले असल्याची खात्री करा.’ बरोबर आहे का?

सबस्टेशन_ऑपरेटर

नाही! ही पाटी लावू नका. अर्थ स्विच सुटलेला नाही, लागलेला पाहिजे.

काम करायला जागा सुरक्षित कधी? ब्रेकर सुटलेला, आयसोलेटर सुटलेला आणि अर्थ स्विच लागलेला असतो तेव्हा. एकाच परवानगीत दोन गोष्टी ओपन आणि एक क्लोज, आणि तिन्ही मिळून ‘मेलेली लाईन’. म्हणून तिथे ‘सर्व’ हा शब्दच घातक.

क्रमही पाटीवर लिहा. पहिल्यांदा ब्रेकर सोडायचा. तो सुटल्याचा दांडा किंवा निशाण डोळ्यांनी बघायचं, कारण दिवा गेलेला असू शकतो. मग आयसोलेटर. ब्रेकरच्या आधी आयसोलेटर कधीही ओढायचा नाही. तो भारावरचा करंट तोडण्यासाठी बनलेला नसतो, मोठी ठिणगी पडून माणूस भाजतो. मग तिन्ही फेजवर व्होल्टेज डिटेक्टर लावून लाईन नसल्याची खात्री. डिटेक्टर आधी चालू लाईनवर चालतोय का ते बघून घ्यायचं, नंतरही पुन्हा बघायचं. त्यानंतरच अर्थ स्विच लावायचा. शेवटी कुलूप आणि ‘माणसे काम करत आहेत’ची पाटी, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. काम संपल्यावर उलटा क्रम: माणसं आणि अवजारं बाहेर, अर्थ स्विच सोडला, आयसोलेटर लावला, सगळ्यात शेवटी ब्रेकर.

फोनवर लाईन क्लिअर (कामाची परवानगी) देताना नुसतं ‘क्लोज केला’ असं बोलू नये. ऐकणाऱ्याला ‘बंद केला’ ऐकू येतं आणि तो हात घालतो. ‘ब्रेकर सोडला, लाईन नाही’ किंवा ‘ब्रेकर लावला, लाईन चालू आहे’ असं दोन्ही भाग जोडून बोलायचं, आणि समोरच्याने ते तसंच परत म्हणायचं. न म्हटल्यास परवानगी नाही.

दिव्यांच्या रंगाचंही सांगून ठेवतो. आपल्याकडच्या बहुतेक एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलवर लाल दिवा म्हणजे ब्रेकर लागलेला, लाईन चालू. हिरवा म्हणजे सुटलेला. लहान स्टार्टरवर मात्र हिरवं बटण चालू करतं आणि लाल थांबवतं. दोन्ही एकाच खोलीत आहेत तुमच्या. दिव्याखाली मराठीत ‘लाईन आहे’ आणि ‘लाईन नाही’ असं चिकटवा. ब्रेकरवर उभी रेघ म्हणजे लागलेला आणि गोल म्हणजे सुटलेला, हेही.

आणि मीटरिंगची सीटी (मोठा करंट मीटरसाठी लहान करणारा करंट ट्रान्सफॉर्मर). अर्थ स्विच वगळता बाकी सगळीकडे सुटलेलं ते सुरक्षित, पण लाईन चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) कधीही सुटी ठेवायची नाही. सेकंडरीतला करंट थांबला की प्रायमरीचा सगळा करंट कोअर (लोखंडी गाभा) चुंबकत्वाने भरायला लागतो, आणि सुट्या टोकांवर हजारो व्होल्ट येऊ शकतात. मीटर काढायचं तर आधी टेस्ट ब्लॉकची शॉर्टिंग लिंक (दोन्ही टोकं जोडणारी पट्टी) लावायची, मगच मीटरची वायर सोडायची. पीटीचं (व्होल्टेज मोजण्यासाठीचा पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) बरोबर उलट, तिची सेकंडरी कधी शॉर्ट करायची नाही.

शब्द_आणि_शिक्षण

वीज माझा विषय नाही, भाषा आहे. पण या चर्चेत एक दुखरी जागा आहे म्हणून लिहितो.

घोळ इंग्रजीपुरता असता तर मराठीत येऊन सुटला असता. तो वाढतो, कारण आपल्या ‘बंद’ला दोन कामं आहेत. फारसीतून आलेला हा शब्द मुळात ‘बांधलेलं, अडवलेलं’ या अर्थाचा. त्यातून ‘लावलेलं’ आलं (दार बंद) आणि ‘थांबलेलं’ही आलं (पंखा बंद, बाजार बंद). इंग्रजीत त्यासाठी क्लोज आणि ऑफ हे दोन वेगळे शब्द आहेत. मग विज्ञानाच्या तासाला मूल ऐकतं की ‘बंद परिपथातून विद्युतधारा वाहते’, आणि घरी येऊन ऐकतं की ‘लाईट बंद कर’. त्याने काय समजायचं? चूक मुलाची नाही, शब्दाची आहे. ‘पूर्ण परिपथ’ आणि ‘खंडित परिपथ’ म्हटलं की प्रश्नच उरत नाही, कारण हे शब्द दाराकडे बघतच नाहीत, रिंगणाकडे बघतात. तुमच्या कागदावर हीच जोडी वापरा, आणि ‘बंद परिपथ’ फक्त कंसात, परीक्षेत येतो म्हणून.

शब्द उलट चालायची सवय मराठीला आहेच. दुकान लावून घरी जाताना ‘दुकान वाढवलं’ म्हणतो, नारळ फोडला तरी ‘वाढवला’. पण तिथे ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. पंपहाउसमध्ये पहिल्या दिवशी उभ्या असलेल्या पोराला तो नसतो.

‘लागला’बद्दल मात्र एक शंका आहे. ‘शॉक लागला’, ‘आग लागली’ याच क्रियापदाने होतं. मोठ्या पाटीवर ‘जोडलेला’ बरा वाटेल.

पॅनेलवायरमन

शंका योग्य आहे. पाटीवर ‘जोडलेला’, बोलण्यात ‘लागला’. पोरांना दोन्ही एकच आहे एवढं सांगा. ‘ओपन’ हा शब्द दोषासाठीही वापरतात हेही कागदात घ्या: ‘वाइंडिंग ओपन’ म्हणजे आतून तार तुटली, ‘न्यूट्रल ओपन’ म्हणजे न्यूट्रल निसटला. हा दुसरा फार वाईट. तीन फेजच्या घरात न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी त्याचं व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि टीव्ही-फ्रिज जळतात. तिथे मराठीत सरळ ‘तुटला’ लिहा.

पाटीवाला_हिंगणा

सुधारलेली पाटी टाकतो:

‘११ केव्ही – कामापूर्वी
१. ब्रेकर सोडा. निशाण गोल दिसले पाहिजे.
२. आयसोलेटर सोडा. तिन्ही पाती सुटलेली दिसली पाहिजेत.
३. डिटेक्टरने तिन्ही फेज तपासा: लाईन नाही.
४. अर्थ स्विच जोडा.
५. कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा.’

व्हॉल्व्हच्या पाट्या निळ्या, त्यांवर फक्त ‘उघडा / बंद’. विजेच्या पाट्या पिवळ्या, त्यांवर ‘उघडा’ आणि ‘बंद’ हे शब्द कुठेही नाहीत.

सबस्टेशन_ऑपरेटर

आता बरोबर. तिसऱ्या ओळीत ‘डिटेक्टर आधी व नंतर चालू लाईनवर तपासा’ एवढं वाढवा. आणि चौथी ओळ लाल अक्षरांत घ्या, कारण पाचपैकी जोडायचं तेवढं एकच आहे.